सत्तावीस नंबरच्या मादीची पिल्लं

माझी मुलगी केतकी अमेरिकेत सिंहांचा अभ्यास करते असं सांगितलं की अमरावतीत लोक मला दुरुस्त करतात. सिंह गीरमध्ये असतात, राऊतसाहेब, अमेरिकेत कुठले? मग मला खुलासा करावा लागतो. त्या जनावराला तिकडे माउंटन लायन म्हणतात. कोणी कूगर म्हणतं, कोणी प्यूमा. जनावर एकच. आयाळ नाही, डरकाळी नाही. अंगकाठी थोराड बिबट्याची, रंग वाळलेल्या गवताचा, शेपूट जाडजूड आणि लांबलचक. माणसाला दिसत नाही आणि माणसाला सहसा काही करतही नाही.

मी बत्तीस वर्षं मेळघाटात नोकरी केली, आधी वनरक्षक आणि मग वनपाल म्हणून. २००६ साली निवृत्त झालो आणि पुढच्याच फेब्रुवारीत शोभाला, म्हणजे पत्नीला, घेऊन अमेरिकेला गेलो. तिला मिनेसोटात मुलाकडे राहायचं होतं. मला केतकीचे सिंह बघायचे होते.

ईडन प्रेरी

मुलाचं, नीलेशचं, घर मिनिआपोलिसच्या बाहेर, ईडन प्रेरीत आहे. आम्ही पोचलो तेव्हा घरामागचं तळं गोठून पांढरं झालं होतं आणि त्यावर एक माणूस भोक पाडून, स्टुलावर बसून गळ टाकत होता. चार दिवस मी खिडकीतून त्याला बघितलं. एकदाही मासा लागलेला दिसला नाही. नीलेश म्हणाला, तो घरातल्यांपासून सुटका म्हणून येत असेल.

नीलेशच्या ऑफिसातल्या दोन मराठी कुटुंबांनी आम्हाला जेवायला बोलावलं. एका घरची बाई पुण्याची, नवरा नागपूरचा, आणि पोरं इंग्रजीत उत्तरं देणारी. मी सिंहांकडे निघालोय म्हटल्यावर तो नागपूरकर म्हणाला, "यार, आम्ही इथे अकरा वर्षं आहोत, आम्ही कोल्हासुद्धा बघितला नाही." माझ्या चार वर्षांच्या नातीनं फक्त एकच विचारलं, "आजोबा, विल इट ईट यू?" मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही.

शोभानं केतकीसाठी ज्वारीचं पीठ बांधून दिलं. ते नीलेशनं शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून आणून ठेवलं होतं. शिवाय मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्यासाठी तीन लोकरी कानटोप्या. त्यातली एक मी विमानातच विसरलो.

केतकीचं खोरं

हे खोरं वायोमिंग राज्यात आहे. नेमकं कुठे ते लिहीत नाही. सिंहांच्या जागा छापायच्या नाहीत, अशी केतकीची अट आहे आणि माझ्या नोकरीतही मी ती पाळत होतो.

विमानतळावर ती पिकअप घेऊन आली होती. तिला चार वर्षांनी बघत होतो. गाल थंडीनं करपलेले, हातांना भेगा. अमरावतीच्या सायन्स कॉलेजात असताना ही मुलगी रात्री पायाला क्रीम लावल्याशिवाय झोपत नसे. दोन तास ती ड्राइव्ह करत होती आणि मी काचेतून बघत होतो. दोन्ही बाजूंना उघडे पांढरे डोंगर, उतारांवर काळसर सूचिपर्णी झाडी, खाली बर्फातून डोकं काढलेली करडी झुडपं. मेळघाटात जंगल माणसाला कवेत घेतं. इथे सगळं उघडं होतं आणि तरी काहीच दिसत नव्हतं.

तिची लाकडी खोली गावाबाहेर होती. एक शेगडी, दोन खाटा, भिंतीवर मोठा नकाशा आणि नकाशावर रंगीत टाचण्या. प्रत्येक रंग म्हणजे एक सिंह. तांबड्या टाचण्या सगळ्यात जास्त होत्या.

"ही सत्तावीस," केतकी म्हणाली. "मी आल्यावर पहिला कॉलर हिलाच घातला."

सिंहाला भुलीचं इंजेक्शन मारून गळ्यात पट्टा घालतात. त्यातून रेडिओचा सिग्नल येतो. शिवाय दर काही तासांनी जनावर कुठे आहे याची नोंद पट्ट्यातच साठत जाते. ती मात्र पट्टा हातात आल्याशिवाय वाचता येत नाही. असे नऊ सिंह केतकीच्या यादीत होते. कोण कुठे फिरतं, काय मारतं, किती पिल्लं होतात, त्यातली किती जगतात आणि मरतात ती कशानं, एवढं लिहून ठेवायचं हे तिचं काम. सत्तावीसला तेव्हा सात महिन्यांची तीन पिल्लं होती. त्यांना अजून पट्टे घातलेले नव्हते.

पहिल्या दोन दिवसांत मी फक्त चालायला शिकलो. बर्फावर चालताना बुटांखाली जाळीच्या रुंद पट्ट्या बांधतात. त्या मी पहिल्यांदा उलट्या बांधल्या आणि मागच्या मागे कमरेपर्यंत रुतलो. केतकीनं मला काठीनं ओढून काढलं. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवायची, म्हणजे बर्फ बुडाशी धरतं आणि तोंड मोकळं राहतं, हेही तिनंच शिकवलं. पोळीचा रोल कोटाच्या आत, छातीशी ठेवायचा. बाहेरच्या खिशात त्याचं लाकूड होतं.

टेकाडावर उभं राहून ती जुन्या टीव्हीसारखी अँटेना डोक्यावर धरून सावकाश फिरवायची. यंत्रातून टक, टक असा बारीक आवाज येई. "अठरा आहे. तेवीस आहे. सत्तावीस वीक आहे, दरीत असेल." मला हसू आलं. आम्ही वाघाचा ठसा काचेवर रेखायचो, प्लास्टरचा साचा घ्यायचो आणि मग हा कालचाच वाघ की दुसरा यावर ऑफिसात दुपारभर वाद घालायचो. इथे वाघ स्वतः नंबर सांगत होता.

पाचव्या दिवशी सत्तावीस बोलेनाशी झाली. सहाव्या दिवशीही. केतकीनं तीन टेकाडं बदलली. सिग्नल आला नाही.

डेल

सहाव्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. बाहेर साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस, टोपी हातात. दुसऱ्या हातात किराणामालाची कागदी पिशवी. त्यानं आपलं नाव डेल सांगितलं. गावातल्या शाळेची बस चालवतो म्हणाला. मग त्यानं पिशवी टेबलावर ठेवली आणि केतकीनं ती उघडली. आत सत्तावीसचा पट्टा होता.

तिथे हिवाळ्यात सिंहाची शिकार कायदेशीर आहे. परवाना काढायचा, ठरलेल्या संख्येत शिकार करायची आणि कातडं, कवटी सरकारी कार्यालयात दाखवून नोंद करायची. गळ्यात पट्टा असला तरी त्या जनावराला सूट नाही. फक्त पिल्लं सोबत असलेली मादी मारायची नाही. डेलनं तीन शिकारी कुत्र्यांसह माग काढला, मादी झाडावर चढली आणि त्यानं गोळी घातली. कार्यालयात पट्टा कोणाचा ते कळलं, तेव्हा पोस्टानं पाठवण्याऐवजी तो स्वतःच घेऊन आला होता.

केतकीनं विचारलं, पिल्लांचे ठसे दिसले का. तो म्हणाला, नाही मॅडम, मी बघितलं होतं, ती एकटीच चालत होती.

"ती त्यांना मारलेल्या शिकारीपाशी ठेवून जाते," केतकी म्हणाली. "तीन आहेत."

डेल खुर्चीत बसला. मी चहा टाकला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. आलं घातलेला चहा त्यानं दोन्ही हातांत धरून प्यायला. माझ्या नोकरीत असा माणूस पंचनाम्यानंतर कोठडीत असतो. हा माणूस कायद्यानं वागलेला होता, शेगडीजवळ बसला होता, आणि त्याला वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

केतकीनं पट्टा वायरीनं लॅपटॉपला जोडला. म्हणाली, "निदान डेटा डाउनलोड होईल." पडद्यावर ठिपके उमटत गेले. शेवटचे पाच दिवस ती एका अरुंद घळीत होती, कड्याखाली. तिथे तिनं काही मोठं मारलं असणार. मग शेवटच्या संध्याकाळी ती तिथून निघाली, आणि सकाळी दोन डोंगर पलीकडे डेलच्या कुत्र्यांना तिचा वास लागला.

पिल्लं कुठे आहेत ते मेलेल्या आईच्या पट्ट्यानं सांगितलं होतं.

डेलनं विचारलं, मी उद्या येऊ का, शनिवार आहे, बस नाही. केतकी नाही म्हणाली. मी तिला मराठीत म्हटलं, "येऊ दे त्याला. तो डोंगर त्याला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल."

"बाबा, त्यानं तिला मारलंय."

"म्हणूनच येतो म्हणतोय ना."

तिनं पट्ट्यावरचे केस एकेक करून वेचले, पाकिटात भरले, पाकिटावर तारीख घातली. मग त्याला इंग्रजीत सांगितलं, कुत्री घरी ठेवून या.

घळीत

घळीपर्यंत चालायला चार तास लागले. डेल पुढे वाट तुडवत होता. शेवटी कावळ्यांचा आवाज आला. आपल्या डोमकावळ्याहून मोठे, घोगरे कावळे. त्यांच्या खाली एका एल्कचा सांगाडा पडला होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. मांस संपलेलं, बरगड्या चाटूनपुसून साफ, कातड्याच्या कडा कुरतडलेल्या. सिंहिणीनं शिकार झाकायला वर ओढलेली माती आणि झाडांची सुईसारखी पानं अजून एका बाजूला होती.

पिल्लांचे ठसे सगळीकडे होते. केतकीनं बघून सांगितलं, दोनच दिसतात. मी गुडघ्यावर बसलो. एक काटकी मोडून मापाला घेतली. मेळघाटात मला हे एका कोरकू वाटाड्यानं शिकवलं होतं: पंजा मोजायचा नाही, तळव्याची मागची गादी मोजायची, पंजा चिखलात फसवतो. बर्फातही तेच. मान वर केली तर डेलच्याही हातात काटकी होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून पुढे सरकलो. त्याचे शब्द मला अर्धेच कळत होते, पण बोटं कुठे ठेवतो ते पूर्ण कळत होतं. एका ठिकाणी त्यानं बोट ठेवलं, मी मान डोलावली.

"तीन आहेत," मी केतकीला म्हटलं. "तिसरं पिल्लू दुसऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालतं. पण उजवा मागचा पाय ओढतं. ही बघ रेघ."

आम्ही समोरच्या उतारावर जाऊन दुर्बीण लावली. तासाभरानं पिल्लं आली. मी सिंह पाहिले ते एवढेच: मोठ्या मांजराएवढी डोकी, अंगावर पुसट होत चाललेले ठिपके, निळसर डोळे. दोघं कातडं ओढत होती. तिसरं बाजूला बसून बघत होतं. मधूनच त्यातलं एक आईच्या वाटेकडे तोंड करून ओरडे. तो आवाज पक्ष्यासारखा बारीक होता. डेलनं दुर्बीण एकदाच घेतली आणि लगेच परत दिली.

परत आल्यावर केतकीनं फोन लावले. सरकारी कार्यालयातल्या माणसानं सांगितलं, पिल्लं ठेवायला कुठेही जागा नाही. सोडून द्या. रस्त्यावर मेलेलं हरीण हवं असेल तर आमच्या गाडीवाल्यांकडून मिळेल, हरकत नाही. तिचे प्रोफेसर म्हणाले, अभ्यास तुझा आहे, निर्णय तूच घे. मात्र एकदा खायला घातलंस की ही पिल्लं तुझ्या हिशेबातून बाद. आईविना पिल्लं जगतात का, या प्रश्नाला मग त्यांचं उत्तर धरता येणार नाही.

ती फोन ठेवून नकाशासमोर उभी राहिली. मी म्हटलं, "हरीण आण."

"नाही."

"काहून नाही? तीन जीव आहेत ते. तुझ्या वहीतले तीन आकडे नाहीत."

ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "बाबा, दर हिवाळ्यात अशी किती पिल्लं मागे राहतात ते कोणालाच माहीत नाही. पिल्लं दिसली नाहीत म्हणून माणूस गोळी घालतो, आणि ती नव्हतीच असं सगळे धरून चालतात. मी हे नीट लिहिलं तर कदाचित कोणी तरी नियम बदलेल. ह्यांना खायला घातलं तर मी काय लिहू?"

मी म्हटलं, नियम बदलेपर्यंत ती मरतील.

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "संत्र्याच्या बागेतली ती दोन बिबट्याची पिल्लं आठवतात? त्यांना मीच बाटलीनं दूध पाजलं होतं. आणि पुढे पिंजऱ्यात बघायला तुम्हीच नेलं होतं मला."

आठवत होती. लोक गोळा झाले होते, काठ्या घेऊन. मी पिल्लं टोपलीत घालून ऑफिसात आणली. बागेतच ठेवली असती आणि लोकांना हटवलं असतं तर आई येऊन घेऊन गेली असती. हे मला त्यावेळी ठाऊक नव्हतं असं मी म्हणत आलो. खरं म्हणजे त्या लोकांना हटवण्यापेक्षा टोपली उचलणं सोपं होतं. ती पिल्लं पुढे चौदा वर्षं सिमेंटच्या खोलीत जगली. केतकीचं बरोबर होतं आणि पिल्लं उपाशी होती, आणि दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या.

एक कमी

पुढचे दिवस आम्ही रोज घळीत गेलो. पिल्लं हाडं चघळत होती. एका सकाळी त्यांनी एक ससा पकडल्याच्या खुणा सापडल्या: थोडे पांढरे केस, रक्ताचे चार थेंब. केतकीचा चेहरा त्या दिवशी उजळला. त्या संध्याकाळी आम्ही पिठलं आणि भाकरी केली. एवढ्या उंचीवर भात कुकरशिवाय शिजत नाही, पण भाकरीला काही फरक पडत नाही. डेल बस पोचवून येत असे, दारातच उभा राहून आज काय दिसलं ते विचारत असे. त्या दिवशी केतकीनं त्याला पहिल्यांदा आत बोलावलं. त्यानं ठेच्याचा मोठा घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, पण ताट संपवूनच उठला.

दोन दिवसांनी लंगडं पिल्लू एका सूचिपर्णी झाडाखाली सापडलं. अंग गोल करून झोपल्यासारखं. त्यावर रात्रीचं बर्फ पडलं होतं आणि वितळलं नव्हतं. मादी होती. केतकीनं काट्याला टांगून वजन घेतलं, दात बघितले, पाय चाचपला. जुनं हाड मोडून वाकडं जुळलं होतं. सगळं वहीत लिहिलं. मग हातमोजे काढलेल्या हातांनी तिनं त्याचे कान झटकून बर्फ काढलं आणि बर्फातच बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसलो. थंडीनं बूड बधिर झालं तरी उठलो नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "उद्या हरीण आणू या."

का, तेही तिनंच सांगितलं. "एकाचं उत्तर मिळालं ना. तेवढंच लिहीन. बाकी दोघांना वहीतून काढते."

हरीण

कार्यालयाच्या माणसांनी रस्त्यावर गाडीखाली आलेली हरिणी डेलच्या ताब्यात दिली. तिला मुलांच्या घसरगाडीवर बांधून आम्ही तिघांनी घळीपर्यंत ओढत नेलं. चढावर डेल पुढे, केतकी मध्ये आणि मी मागून ढकलायला. दोनदा गाडी उलटली. एकदा हरिणीसकट मी खाली घसरलो आणि आम्ही दोघं एका झुडपात अडकलो. केतकी हसली. त्या आठवड्यातलं पहिलं हसू ते.

हरिणी कड्याखाली ठेवली, समोर झाडाला कॅमेरा बांधला आणि लगेच माघारी फिरलो.

दुसऱ्या दिवशी टेकाडावर केतकीनं अँटेना फिरवली आणि थांबली. पुन्हा फिरवली. "एकतीस," ती म्हणाली. "बाबा, एकतीस घळीत आहे."

एकतीस नंबर म्हणजे मोठी मादी, त्या वर्षी तिला पिल्लं नव्हती. सिंह एकटे राहतात, परक्याची पिल्लं दिसली तर मारूनही टाकतात. मांसाच्या वासानं ती आली होती. मांस आम्ही ठेवलं होतं.

केतकी पिकअपच्या पायरीवर बसली. म्हणाली, "मी त्यांना उपाशी मरू दिलं असतं तर निदान ते माझ्या हातून झालं नसतं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

ताज्या शिकारीवर सिंह असताना जवळ जायचं नाही हा त्यांचा नियम. आम्ही दोन दिवस वाट पाहिली. सकाळ, दुपार, संध्याकाळ सिग्नल तिथूनच येत होता. केतकीनं जेवण टाळलं. मी तिच्या बुटांना तेल लावलं, लाकडं फोडली, एक भाकरी करपवली. डेल येऊन बसायचा आणि निघून जायचा. तिसऱ्या सकाळी एकतीसचा सिग्नल वरच्या कड्याकडे सरकला. आम्ही निघालो.

कॅमेऱ्याची बॅटरी थंडीनं पहिल्याच रात्री संपली होती. एकही फोटो नव्हता. आता जे होतं ते बर्फावर.

केतकी लांबच उभी राहिली. "तुम्ही बघा," ती म्हणाली. डेल आणि मी पुढे गेलो.

पहिल्यांदा मोठी गादी, हरिणीपर्यंत सरळ. तिनं तिथे खाल्लं, झोपली, पुन्हा खाल्लं. वीसेक पावलांवर दगडाआड दोन छोट्या बसण्याच्या जागा. तिथे बर्फ वितळून पुन्हा गोठलं होतं, म्हणजे बराच वेळ बसली असावीत. मग छोटी पावलं चार हात पुढे, पुन्हा बसली. पुन्हा चार हात. हरिणीजवळ एका ठिकाणी बर्फ उकरलेलं, विस्कटलेलं होतं. मी तिथे ओणवा झालो. एक फटका मारलेला दिसत होता. थोडे केस होते. रक्त नव्हतं. डेलनंही बघितलं, मान हलवली: नव्हतं.

आणि त्याच्या पुढे छोटी पावलं हरिणीच्या पोटापाशी होती. मोठ्या मादीच्या अंगाचा खड्डा आणि त्याला लागून दोन छोटे खड्डे होते.

मी केतकीला हाक मारली. ती येऊन बघत राहिली. मग आम्ही बाहेर जाणारा माग धरला. कड्याकडे एकच वाट गेली होती. थोडं चालल्यावर मऊ बर्फात ती उकलली: पुढे मोठी पावलं, आणि त्याच पावलांत पावलं टाकत गेलेली दोन छोटी.

डेल टोपी मागे सारून उभा राहिला. म्हणाला, चाळीस वर्षं डोंगरात आहे, असं बघितलं नाही. मग थोड्या वेळानं केतकीला म्हणाला, मी पुढच्या हिवाळ्यातही जाईन, खोटं बोलणार नाही. पण माग पुढे काढण्याआधी एक दिवस उलटा काढीन. ती कुठून आली ते बघीन. केतकीनं मान डोलावली. त्याला माफ केलं की नाही हे तिनं मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तिनं वही उघडली. पेन गोठलं होतं म्हणून पेन्सिल काढली. "बाबा, काय लिहू? एकतीसनं त्यांना का घेतलं?"

"का ते लिहू नको," मी म्हटलं. "गेली ते लिही."

परत

चार दिवसांनी मी ईडन प्रेरीला परतलो. नातीला दुर्बिणीतून दिसलेल्या पिल्लांबद्दल सांगितलं. लंगड्या पिल्लाचं नाही सांगितलं. तळ्यावरचा माणूस नव्हता, बर्फ पातळ झालं होतं. एप्रिलच्या शेवटी आम्ही अमरावतीला आलो तेव्हा पंखाही गरम वारा फेकत होता.

त्या डिसेंबरात केतकीचा फोन आला. तिनं एका तरुण मादीला पट्टा घातला होता. गेल्या हिवाळ्यातल्या दोघांपैकी एक. एकतीससोबत ती उन्हाळाभर दिसत होती, आता वेगळी झाली होती आणि एकटीनं हरीण मारलं होतं. दुसऱ्या पिल्लाचा पत्ता नव्हता. मेल्याचाही पुरावा नव्हता. केतकी म्हणाली, तो नर असेल तर लांब निघून गेला असेल, आणि नसेल तर नसेल.

मी फोन ठेवला. शोभा तूरडाळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, कोणाची गोष्ट चालली होती एवढी, कोणाची पोर?

"सत्तावीसची," मी म्हटलं. मग वाटलं, हे अर्धंच झालं.

"आणि एकतीसची."